सव्वादोन सेकंद

म्हातारबाबांचा थांबा चुकला, आणि तो कुणामुळे चुकला हे भरल्या बसमध्ये एकट्या पिपाणीला माहीत होतं. त्या बसमध्ये छतातून एक बाई बोलते. आवाज असा गोड, की मुंग्यांनी साखर सोडून तिच्यामागे जावं. 'हा थांबा दवाखाना,' म्हणते, आणि मध्ये तसूभरही जागा न सोडता, 'पुढचा थांबा ग्रंथालय.' बाबांना जायचं होतं दवाखान्यात. मांडीवर डबा, डब्यावर दोन्ही हात, कान छताकडे. त्यांनी ऐकलं, दवाखाना हा की पुढचा हे मनातल्या मनात निवडायला घेतलं, आणि तेवढ्यात दार मिटलं. रविवारची सकाळ, कुणाला घाई नव्हती, पण चालक काही थांबला नाही. बाबा उठून उभे राहिले होते ते तसेच दांडी धरून राहिले आणि छताकडे बघून म्हणाले, "बाईला घाई आहे वाटतं. घरी दूध उतू जात असेल." सगळी बस हसली. पिपाणीही हसली, आणि आपलं हसू तिला आपल्याच कानाला असं लागलं की जणू कुणी ताटलीवर नखं ओढली. कारण ती बाई काही घाईची नव्हती. तिने 'दवाखाना' म्हणून नीट श्वास घेतला होता, सवड दिली होती, आणि मगच पुढचा थांबा सांगितला होता. तो श्वास पिपाणीने कापला होता. गेल्या महिन्यात, मंगळवारी, चहा पिता पिता.

हेच तिचं काम. एका इमारतीच्या तळघरात एक खोली आहे, भिंतींना काळा स्पंज लावलेला, आणि तिथे दिवसभर बसून ती दुसऱ्यांच्या बोलण्यातले श्वास काढते. बँकेची बाई, लिफ्टची बाई, दवाखान्यात नंबर पुकारणारी बाई, सगळ्यांचे आवाज तिच्यापुढे पडद्यावर डोंगरांसारखे मांडलेले असतात, आणि दोन डोंगरांच्या मध्ये एक लहानशी केसाळ अळी दिसते, तो श्वास. अळी पकडायची, बटण दाबायचं, डोंगर जवळ आणायचे. दिवसाला चारशे अळ्या. साहेब म्हणायचा, ऐकणाऱ्याला श्वास ऐकू आला की त्याला वाटतं समोर माणूस आहे, आणि मग तो वाद घालायला लागतो. पिपाणीचा हात असा बसला होता की घरी जेवताना आत्या बोलायला लागली तरी तिची तर्जनी ताटाच्या कडेवर हलायची, इथे एक, इथे एक. आत्याच्या बोलण्यात तर श्वासच श्वास. गोष्ट रंगवायची म्हणजे मध्ये थांबावं लागतं ना. उंदराची गोष्ट सांगताना आत्या कमीत कमी सात वेळा थांबायची. आत्या वाजवायची त्या ख्रिस्ती देवळातल्या ऑर्गनच्या सगळ्यात मोठ्या नळीत म्हणे एका उंदराने घर केलं होतं. आत्याने खालचा सूर दाबला की उंदीर उडून छताला लागायचा. तीन रविवार त्याने सोसलं, चौथ्या रविवारी बायकापोरं घेऊन शेजारच्या पंथात गेला, आणि आता तिथे वडीलमंडळात आहे म्हणे.

पिपाणी पुढच्या थांब्यावर बाबांच्या मागोमाग उतरली. तिला खरं तर अजून दोन थांबे जायचं होतं. बाबा डबा सांभाळत उलट्या दिशेने चालायला लागले, आणि ती दहा पावलं त्यांच्या मागे गेली, काहीतरी म्हणायला. काय म्हणणार? बाबा, ती छतातली बाई नव्हे, मी. बाबा म्हणाले असते, बरं बाळ, आणि चालत राहिले असते. ती वळली आणि देवळाच्या रस्त्याला लागली. घड्याळात पाहिलं, वेळ भरपूर होता. आत्या पायी पुढे गेली होती, नेहमीसारखी, तासभर आधी. आज तिला काही काम नव्हतं, तरी. आज अडतीस वर्षांत पहिल्यांदा ऑर्गन वाजणार नव्हता. आज गाणी यंत्रातून वाजणार होती, मंडळी त्याबरोबर गाणार होती, आणि उपासना झाल्यावर तिथेच हात वर करून ठरणार होतं की यापुढे असंच चालवायचं का. आत्याने हे शांतपणे ऐकून घेतलं होतं. पण सकाळी बाहेर पडताना तिच्या खांद्याला ती कापडी पिशवी होती, वाजवायच्या जोड्यांची. पातळ तळव्याचे काळे जोडे, ऑर्गनच्या पायाने दाबायच्या पट्ट्या नीट कळाव्यात म्हणून. पिपाणीने दारातून ती पिशवी पाहिली. आत्या म्हणाली, सवयीने घेतली गं. म्हणजे आत्यालाही कळलं होतं की तिने पाहिली.

पिपाणी हे नाव आत्यानेच ठेवलेलं. आत्याचा धाकटा भाऊ गेला, त्याची बायको दूरच्या शहरात परिचारिकेच्या नोकरीला लागली, आणि पाच वर्षांची ही पोर एक पेटी, दोन स्वेटर आणि शिट्टी वाजणारी छाती घेऊन आत्याच्या घरी आली. श्वास घेतला की आतून बारीक सूर निघायचा, जत्रेतल्या पिपाणीसारखा. शाळेतली पोरं मागे वळून बघायची. आत्याने पहिल्याच दिवशी कान तिच्या छातीला लावला आणि सांगून टाकलं की आपल्या ऑर्गनची एक नळी बनवणाऱ्याने चुकून कमी बसवलेली आहे, वरच्या सप्तकातली, अडतीस ठिकाणी पत्रं लिहूनही मिळाली नाही, ती ही बघा, देवाने या पोरीच्या छातीत बसवून पाठवली, पत्ता बरोबर. मग हिला ऑर्गनजवळच बसवायला हवं, नाही का? तेव्हापासून पिपाणीची जागा पहिल्या बाकावर, कडेला. ऑर्गनच्या वर एक लहान आरसा आहे. वाजवणाऱ्याची पाठ वेदीकडे असते ना, म्हणून पाळकसाहेबांची खूण दिसावी यासाठी तो लावलेला. आत्याने एका रविवारी तो आरसा बोटभर फिरवला. त्यात वेदी दिसेनाशी झाली आणि पिपाणी दिसायला लागली.

झालं होतं असं की सात वर्षांच्या पिपाणीला प्रत्येक गीत, प्रत्येक कडवं, पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणायचं असायचं. ऐकायचीच नाही. आणि ओळीच्या शेवटी तिचा दम संपायचा. ती श्वास ओढेपर्यंत मंडळी पुढच्या ओळीत शिरलेली असायची, हिचे दोन शब्द बुडायचे, मग चार, मग अख्खी ओळ, आणि तिसऱ्या कडव्यापर्यंत ती गीतपुस्तकात तोंड घालून रडत असायची. तेव्हा आत्याने थांबायला सुरुवात केली. ओळ संपली की हात उचलायचा, आरशात बघायचं, हनुवटी किंचित वर करायची. घे. पिपाणी श्वास घ्यायची, पुरता, शिट्टी वाजवत. मग पुढची ओळ. त्या वेळच्या पाळकसाहेबांनी विचारलं म्हणे, ऑर्गन अडकतो का. आत्याने सांगितलं, भात्याला भोक पडलंय, वारा भरेपर्यंत थांबावं लागतं. हे तर खोटं नव्हतं, भाता पहिल्या बाकावर बसलेला होता एवढंच. हळूहळू मंडळीलाही ते अंगवळणी पडलं. ओळ म्हणायची, थांबायचं, पुढची म्हणायची. पिपाणी मोठी झाली, दम्याचा फवारा मिळाला, औषधं मिळाली, जिने चढायला लागली. आत्याचं थांबणं काही गेलं नाही.

आणि हे तिला कधीपासून नकोसं झालं? चौदाव्या वर्षी, दृढीकरणाच्या, म्हणजे मंडळीत पक्कं सामील होण्याआधीच्या धड्यांच्या वर्गात असताना, एका मुलीने ओळीच्या शेवटच्या त्या शांततेत तिच्याकडे वळून पाहिलं होतं. नुसतं पाहिलं. पण पिपाणीला तेव्हा कळलं की ते थांबणं म्हणजे तिच्या नावाची पाटी आहे. एका उपासनेत पाच गीतं, गीताला पाच कडवी, कडव्याला सहा-सात ओळी, म्हणजे दर रविवारी शंभरावर वेळा आत्या भर मंडळीत जाहीर करते, की ही पोर आजारी आहे, थांबा तिच्यासाठी. कुणालाही आता ते आठवत नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं त्यांतले निम्मे देवाघरी गेले होते. पण लाजेला साक्षीदार लागत नाहीत, ती एकटी पुरते.

मग या वर्षी नवे पाळकसाहेब आले, तरुण, चांगले. बाक रिकामे पडताहेत हे त्यांना दिसत होतं. त्यांनी तरुण मंडळींना बोलावलं. आपल्याच ल्यूथरन पंथात उपासनेच्या किती तऱ्हा आहेत त्या जाऊन बघा, म्हणाले, आणि आम्हाला येऊन सांगा. गेले तिघे. एक दातवाला, म्हणजे नुकताच दंतवैद्य झालेला, सगळ्यांचा म्होरक्या, समोरचा माणूस बोलायला लागला की याचं लक्ष त्याच्या दाढांकडे. दुसरा लंबू, गिटार वाजवणारा, कुठल्याही दारातून वाकल्याशिवाय न जाणारा. आणि तिसरी पिपाणी, कानाची तयार म्हणून वेळा मोजायला. तिने खिशातलं ध्वनिमुद्रणाचं यंत्र बरोबर घेतलं, बोटाएवढं.

पहिल्या रविवारी गेले ते जुन्या रीतीचं देऊळ होतं. तिथले पाळक बोलायचेच नाहीत, गाऊनच सांगायचे, आणि मंडळी गाऊनच उत्तर द्यायची. झगे, मेणबत्त्या, पुढे क्रूस घेऊन चालणारा माणूस. बसा, उठा, वळा, बसा. दातवाला म्हणाला, गुडघ्यांना एवढा व्यायाम कुठल्याही डॉक्टरने सांगितला नसेल. पण उत्तरं देताना तिथल्या मंडळीचा आवाज एका घशातून आल्यासारखा यायचा, आणि लंबूसारखा लंबू मान खाली घालून उभा राहिला होता. दुसऱ्या रविवारी शाळेच्या सभागृहात. भिंतीवर मोठ्या अक्षरात शब्द, हातात कागदी पेल्यात कॉफी, आणि ड्रम. पहिल्या ठोक्याला लंबूच्या दाढेतलं सिमेंट निखळून पडलं, आणि दातवाल्याने ते झेलून रुमालात बांधलं, परत बसवलं तेही त्यानेच. तिथे कुणी कुणासाठी थांबत नव्हतं. ओळी लहान, गाणं धावतं, दम लागला तर गप्प राहा, ड्रम आहेच. पिपाणीने तिथे डोळे मिटून गायलं. छाती वाजत असेल, नसेल, कोणाला कळतंय? बावीस वर्षांत पहिल्यांदा ती गर्दीत हरवली, आणि हरवल्याचा तिला इतका आनंद झाला की बाहेर पडल्यावर ती उगाचच लंबूला चापट मारून पळाली.

तिसऱ्या ठिकाणी संध्याकाळची उपासना होती. एक गोल खोली, खुर्च्यांचं कडं, मध्ये दिवे. चार शब्दांची एक ओळ पुन्हा पुन्हा म्हणायची, हळू, मग हळूहळू गप्प व्हायचं आणि गप्पच बसायचं. त्या शांततेत पिपाणीची छाती वाजली. तिने श्वास अडवून धरला, अडवला म्हणून पुढचा जास्तच वाजला. सगळ्या खोलीत तेवढाच एक आवाज. शेजारी एक अनोळखी बाई होती, पोक्त, मांडीवर हात ठेवून बसलेली. तिने डोळे उघडले नाहीत. फक्त पिपाणीने श्वास घेतला की ती घ्यायला लागली, सोडला की सोडायला. मग पलीकडचा माणूसही. पिपाणीला ते ओळखीचं वाटलं, आणि तिने झटकन वही उघडून लिहिलं, शांतता, तीन मिनिटं दहा सेकंद. पुढे अहवालात एवढंच आलं. बाकीचं तिने लिहिलं नाही. ते लिहिलं असतं तर आत्या कुणासाठी थांबते तेही लिहावं लागलं असतं.

चौथ्या रविवारी त्यांनी स्वतःच्याच मंडळीची नोंद केली, तुलनेसाठी. पिपाणीने यंत्र गीतपुस्तकाच्या आड, छातीशी धरलं. आत्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आत्या नटली असती, हे तिने स्वतःला दिलेलं कारण. सोमवारी तळघरातल्या खोलीत तिने ते पडद्यावर मांडलं आणि मोजलं. ओळीच्या शेवटी सरासरी सव्वादोन सेकंद. अहवालाच्या तक्त्यात तिने लिहिलं, एकूण साडेपाच मिनिटं वाया. दातवाल्याने 'जातात' लिहिलं होतं. 'वाया' तिचं. आणि मग, कुणी सांगितलेलं नसताना, तिने ते सगळे सव्वादोन सेकंद कापले. एक एक. हात सरावलेला, तासाभरात झालं. डोंगराला डोंगर लागला. ऑर्गन तोच, मंडळी तीच, पण गाणं असं सरसर निघालं, की तिने खुर्चीतल्या खुर्चीत गोल फिरून घेतलं. मंडळाच्या बैठकीत ते ऐकवल्यावर सगळे चाटच पडले. हेच का आपलं गाणं, म्हणाले. घंटावाले काका म्हणाले, मी वीस वर्षांनी तरुण झालो, आता घंटा कोण वाजवणार. तिथेच ठरलं की एक रविवार यावरच गाऊन बघू, आत्यांनाही विश्रांती.

तीन वेळा तिला विचारलं गेलं. आधी दातवाल्याने, बैठकीनंतर पायऱ्यांवर, की आत्या अशा का थांबतात. पिपाणीने खांदे उडवले, वय झालं, म्हणाली. मग पाळकसाहेबांनी, फार हळुवारपणे, की काही विशेष कारण आहे का, तसं असेल तर आपण विचार करू. नाही, म्हणाली, सवय असेल. आणि तिसऱ्यांदा आत्यानेच, भांडी पुसता पुसता, की त्या यंत्रातलं गाणं कोणी तयार केलं गं, फार सफाईचा हात आहे म्हणतात. लंबूचा कोणी मित्र आहे, पिपाणी म्हणाली, संगणकातला. बायबलात पेत्राने तीनदा नाही म्हटल्यावर आरवतो तो कोंबडा तेवढा आरवला नाही. शहरात कोंबडा कुठला, पण वरच्या मजल्यावरच्यांच्या घड्याळातला पक्षी ओरडला, आणि आत्या म्हणाली, हं, साडेसात.

देवळात पोचली तेव्हा पहिली घंटा झाली होती. ऑर्गनवर झाकण होतं, त्याच्यावर लंबूचं यंत्र आणि दोन्ही बाजूंना काळ्या पेट्या. फळीवर आजच्या गीतांचे आकडे लावलेले. आत्या कुठे बसावं हे न कळून मधल्या वाटेत उभी होती, पाहुणीसारखी. अडतीस वर्षं या देवळात येऊन तिला बाक नव्हता. पिपाणीने तिला पहिल्या बाकावर आपल्या शेजारी घेतलं. आत्याने जोड्यांची पिशवी पायाशी ठेवली आणि म्हणाली की इथून उपदेशपीठ केवढं उंच दिसतं, मला तर नेहमी पाळकसाहेबांचा आवाजच यायचा, मी समजायचे ते जमिनीवर असतात. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. आत्या मग बारीक आवाजात सांगायला लागली, की याआधीच्या आधीच्या पाळकांचा उपदेश एकदा इतका लांबला, की बाप्तिस्म्याला आणलेलं बाळ आपल्या पायांनी चालत घरी गेलं. बोलताना तिचे हात मांडीवर होते, आणि बोटं एकेक करून मांडी दाबत होती. पिपाणीने समोर पाहिलं तर आरसा. तो तसाच होता, बोटभर फिरवलेला. त्यात त्या दोघी दिसत होत्या.

पहिलं गीत लागलं. मंडळी उठली. पहिली ओळ चांगली गेली, खरंच चांगली, तिच्या मानेवर काटा आला. आणि ओळीच्या शेवटी सगळी मंडळी थांबली. कुणी ठरवलं नव्हतं, छात्याच थांबल्या, वर्षानुवर्षांच्या. यंत्र थांबलं नाही. मंडळी धावली, दुसऱ्या ओळीच्या मधोमध गाठलं, शेवटी पुन्हा थांबली. तरुण मंडळी पुढे, म्हातारी मागे, मधले तोंड उघडून राहिलेले. तिसऱ्या कडव्याला गाणं म्हणजे पिशवी फाटून बटाटे जिन्यावरून घरंगळावेत तसं झालं, जो तो आपला बटाटा धरायला बघतोय. यंत्रातली मंडळी मात्र बिनचूक गात होती, गेल्या महिन्यातली, यांचीच, श्वास नसलेली. आपल्याच आवाजाच्या मागे धावून दमलेली माणसं पिपाणीने पाहिली. घंटावाले काका पुस्तक मिटून छताकडे बघत होते. तसंच बसमध्ये ते बाबा बघत होते. पिपाणीचाही दम गेला. फवारा आत्याच्या घरी मेजावर. ती गप्प झाली, आणि मग शेजारी पाहिलं. आत्या गात नव्हतीच. तिला तोंडाने गायची सवयच कुठे होती? ती डोळे मिटून ऐकत होती, मान एका बाजूला, आणि चौथ्या कडव्याच्या अखेरीस तिच्या भुवया किंचित वर गेल्या.

मग पापांगीकार. विचाराने, शब्दाने, करणीने आम्ही चुकलो, असं सगळे एकदम म्हणतात, त्यात कुणाचं काय ते कळत नाही, आणि पिपाणीला ते नेहमी बरं वाटायचं. पण मध्ये पाळकसाहेब गप्प होतात, प्रत्येकाने आपापलं आठवावं म्हणून. आज ते लवकर बोलेनात. त्यांनाही काही आठवत असावं. पिपाणीने समोर आरशात पाहत, ओठ जेमतेम हलवत सांगितलं, "आत्या, ते मी कापलंय."

आत्या आरशाकडेच बघत होती. "माहीत आहे," म्हणाली. "चौथ्या कडव्यात एक राहिलाय."

"काय राहिलंय?"

"तुझा श्वास. शिट्टी आहे त्याच्यावर. सगळे माझे काढलेस, तुझा तेवढा राहिला."

नोंद करताना यंत्र छातीशी धरलं होतं. एवढे सगळे श्वास वेचले, आणि स्वतःचा तिच्या कानाला सापडला नाही. बैठकीत सगळ्यांनी ऐकलं होतं, आता सगळ्या देवळाने ऐकलं होतं, आणि ओळखला एकटीने. पिपाणीला वाटलं आत्या काहीतरी बोलेल, रागाचं, हसण्याचं, उंदराचं. आत्याने गीतपुस्तकात पुढचं गीत काढलं. वरून पाळकसाहेबांनी क्षमेची घोषणा केली, सगळ्यांना, सरसकट, आणि मंडळीने आमेन म्हटलं. पिपाणीचं आमेन निघालं नाही. क्षमा आली, तिच्या डोक्यावरून मागच्या बाकांकडे गेली, जशी ती बस गेली होती.

पाळकसाहेबांनी दुसऱ्या गीताचा आकडा सांगितला. लंबूने यंत्राकडे हात नेला. पिपाणी आत्याला म्हणाली, तू जा ना वाजवायला. आत्याने पायाने पिशवी बाकाखाली सरकवली. "मी आज सुट्टीवर आहे," म्हणाली. यंत्र सुरू झालं. दोन सूर वाजले असतील. पिपाणी उठली आणि मधल्या मोकळ्या जागेतून चालत गेली. सात पावलं फक्त, पण तिला ती अडतीस वर्षं वाटली. लंबू वाकून काहीतरी विचारत होता, तिने त्याच्या हाताखालून बटण दाबलं.

आवाज गेला. मंडळी उभी, पुस्तकं उघडी, आणि कुणी सुरुवात करेना. पंथ काढणाऱ्या ल्यूथरसाहेबांनी गाणं गवयांच्या हातून काढून मंडळीच्या तोंडात दिलं, असं आत्या नेहमी सांगायची, मी नुसता वारा घालते, गाता तुम्ही. पण वारा घालणारं कुणी नसताना सुरुवात कोणी करायची, हे तिथे कोणालाच माहीत नव्हतं. ती शांतता सव्वादोन सेकंदांच्या पुष्कळ पुढे गेली. पिपाणीला सांगायचं होतं. ते थांबणं माझ्यासाठी होतं, मला ठाऊक होतं, तीनदा विचारलंत आणि तीनदा मी नाही म्हटलं. सगळी वाक्यं तोंडाशी आली होती आणि त्यांना लागणारा श्वास तिच्यापाशी नव्हता. तिने आरशात पाहिलं. इथून त्यात पहिला बाक दिसत होता. आत्या हसत नव्हती. रागावलेलीही नव्हती, तिच्या तोंडावर काय होतं ते पिपाणीला वाचता आलं नाही, आणि पुढेही कधी येणार नव्हतं. फक्त हनुवटी हलली, किंचित, वर.

घे.

पिपाणीने श्वास घेतला. छाती वाजली, उंच, बारीक, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशी, आणि कुणीही तो सूर कापायच्या आत मंडळीने तोच धरून पहिली ओळ उचलली.